जेलीफिश असो की शिंगी, डंखाला "होतंच" म्हणून सोडू नका



गणपती जवळ आले की मुंबईचे व्हिडिओ आपल्या ग्रुपवर फिरायला लागतात. वाळूवर निळसर फुग्यासारखं काहीतरी पडलेलं असतं, बाजूला पाय धरून ओरडणारा एखादा पोरगा असतो, आणि खाली उपायांची रांग लागते. कोणी म्हणतं लिंबू चोळा, कोणी म्हणतं वाळूनं घासा, कोणी रॉकेल सांगतं, कोणी लघवी. मग आपल्यातलाच कोणीतरी विचारतो, "सचिव साहेब, हे आपल्या सातनाला प्रोजेक्टमध्ये पण येतं काय?"

एका ओळीत उत्तर द्यायचं तर नाही, येत नाही. पण प्रश्न चांगला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. समुद्रातली विषारी जेलीफिश आपल्या पैनगंगेत, सातनाल्यात, मत्तडीवागूत नसली तरी डंख आपल्याही पाण्यात आहे. शिंगीचा आहे, मांगूरचा आहे, टेंगड्याचा आहे. आणि त्यावर आपण जे उलटेसुलटे उपाय करतो ते चौपाटीवरच्या लोकांपेक्षा काही वेगळे नाहीत.

माझं म्हणणं सरळ आहे. डंख ही आपल्या धंद्यातली दुखापत आहे. जाळ्याच्या दोरीनं हात कापला, नाव उलटून मार लागला, तशीच ही पण दुखापत. तिच्यावर नीट उपचार झाले पाहिजेत, तिची नोंद झाली पाहिजे, आणि त्याचा भार एकट्या डंख खाणाऱ्या माणसावर पडू नये. नाव-मालकानं आणि संस्थेनंही तो उचलला पाहिजे.

आधी समुद्राचं बघू, कारण त्या डंखाबद्दल जगात जास्त अभ्यास झालेला आहे आणि त्यातून आपल्याला शिकण्यासारखं आहे.

ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबईत जुहू, अक्सा, गिरगाव या किनाऱ्यांवर ब्लू बॉटल नावाच्या निळ्या जीवांचा लोंढा आला. दोनएक दिवसांत सुमारे दीडशे लोकांना डंख बसल्याच्या बातम्या आल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये गोव्याच्या किनाऱ्यांवर दोन दिवसांत नव्वदहून जास्त लोकांना जीवरक्षकांनी प्रथमोपचार दिले. त्यातल्या बहुतेकांचं दुखणं काही वेळानं कमी झालं. पण बागा किनाऱ्यावरच्या एका तरुणाच्या छातीत दुखायला लागलं, श्वास घ्यायला त्रास झाला, आणि त्याला ऑक्सिजन लावून दवाखान्यात न्यावं लागलं. म्हणजे शंभरात नव्याण्णव जणांना जे "थोडं आग आग झालं" एवढंच असतं, ते शंभराव्याच्या जिवावर येऊ शकतं. आणि तो शंभरावा कोण, हे आधी कोणालाच माहीत नसतं.

ब्लू बॉटल ही खरं म्हणजे एक जेलीफिश नाही. बारीक बारीक जीवांची ती एक वसाहतच आहे. वर हवेनं भरलेला फुगा, खाली लांबच लांब दोऱ्या. तिला पोहता येत नाही, वारा नेईल तिकडं ती जाते. पावसाळ्यात वारा समुद्राकडून जमिनीकडं वाहतो, म्हणून श्रावण-भाद्रपदात ती मुंबईच्या वाळूवर येऊन पडते आणि नेमक्या त्याच वेळी लोक गणपती घेऊन पाण्यात उतरतात.

तिच्या दोऱ्यांवर डोळ्यांना न दिसणाऱ्या हजारो पिशव्या असतात. प्रत्येक पिशवीत गुंडाळून ठेवलेला एक धागा असतो, सुईसारखा टोकदार. फासा लावून ठेवावा तसं ते असतं. कातडीचा स्पर्श झाला की फासा सुटतो, सुई आत जाते आणि विष सोडते. पण सगळे फासे एका वेळी सुटत नाहीत. अंगाला चिकटलेल्या दोरीवर न सुटलेले फासे पुष्कळ शिल्लक असतात. म्हणून मेलेली, वाळूवर सुकत पडलेली जेलीफिशसुद्धा डंख करते. तुटलेली दोरीसुद्धा करते.

एवढं समजलं की चुकीचे उपाय चुकीचे का आहेत ते आपोआप कळतं. वाळूनं घासलं, फडक्यानं रगडलं, की उरलेले फासे सुटतात आणि विष वाढतं. गोडं पाणी ओतलं तरी तेच होतं, कारण खाऱ्या पाण्यातून एकदम गोड्या पाण्यात गेल्यावर त्या पिशव्या फुटतात. लघवीचंही तसंच, तिचा उपयोग काही नाही आणि नुकसान होऊ शकतं. लिंबू आणि रॉकेल आधीच भाजल्यासारख्या झालेल्या कातडीला आणखी जाळतात.

मग करायचं काय? माणसाला पाण्याबाहेर घ्यायचं, बसवायचं, धीर द्यायचा. अंगाला चिकटलेल्या दोऱ्या चिमट्यानं किंवा हातमोजा घालून उचलायच्या, घासायच्या नाहीत. जागा समुद्राच्याच पाण्यानं धुवायची. आणि मग गरम पाणी.

गरम पाण्याबद्दल लोकांना शंका असते, कारण पेपरात आणि पत्रकांत बर्फ लावा असं आपण अनेकदा वाचतो. म्हणून हे सांगतो. ऑस्ट्रेलियात ब्लू बॉटलचा डंख बसलेल्या ९६ लोकांवर एक तपासणी झाली, ती २००६ साली छापून आली. काहींना ४५ अंश गरम पाणी दिलं, काहींना बर्फ. वीस मिनिटांनी गरम पाणी मिळालेल्यांपैकी ८७ टक्के लोकांचं दुखणं कमी झालेलं होतं. बर्फ मिळालेल्यांपैकी फक्त ३३ टक्के लोकांचं. त्यामुळं गरम पाणी मिळत असेल तर गरम पाणी, मिळतच नसेल तर कापडात गुंडाळलेला बर्फ. बर्फ काही वाईट नाही, पण पहिला नंबर त्याचा नाही.

व्हिनेगर म्हणजे सिरका. बॉक्स जेलीफिश नावाची एक चौकोनी घडणीची जात आहे, तिच्यावर सिरका ओततात, कारण न सुटलेले फासे त्यानं थांबतात. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावरची बॉक्स जेलीफिश काही मिनिटांत माणूस मारू शकते. ब्लू बॉटलवर मात्र सिरका लावावा की नाही यावर जाणकारांचंच एकमत नाही. म्हणून ब्लू बॉटलला समुद्राचं पाणी आणि गरम पाणी, एवढंच लक्षात ठेवा. आपल्यातले जे लोक गोव्याला, कोकणात, मुंबईला फिरायला किंवा कामाला जातात त्यांनी एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

आता आपल्या पाण्याकडं येतो.

गोड्या पाण्यात जेलीफिश अजिबात नसतेच असं मात्र नाही. ज्यांच्या नावानं पुण्यात आघारकर संशोधन संस्था आहे, त्या शंकर पुरुषोत्तम आघारकरांनी शंभराहून जास्त वर्षांपूर्वी पश्चिम घाटातल्या नदीत गोड्या पाण्यातली जेलीफिश शोधून काढली होती. तोवर तसली जेलीफिश फक्त आफ्रिकेत असते असं मानत होते. गोड्या पाण्यातली ही जेलीफिश नाण्याएवढी, काचेसारखी आरपार असते आणि माणसाला त्रास देत नाही. तेव्हा धरणात कधी तसलं काही दिसलं तर घाबरू नका. फोटो काढा आणि संस्थेत दाखवा.

आपल्याकडचा डंख काट्याचा आहे. आणि इथंही मुंबईचाच एक दाखला कामी येतो. २०१३ च्या गणेशोत्सवात दीड दिवसाच्या विसर्जनाला गिरगाव चौपाटीवर साठाहून जास्त लोकांना डंख बसले. आधी सगळ्यांच्या तोंडी जेलीफिशच होती. पण त्यात पाकट माशाचा, म्हणजे स्टिंग रेचा, मोठा वाटा होता. पाकट वाळूत दबून बसतो, पाय पडला की शेपटीचा काटा मारतो. तेव्हापासून गणपतीच्या दिवसांत मुंबई महापालिका जेलीफिश आणि पाकट या दोघांबद्दल सूचना काढते, उघड्या पायानं पाण्यात जाऊ नका म्हणते, किनाऱ्यावर डॉक्टर ठेवते.

पाकटाचा काटा आणि आपल्या शिंगीचा काटा, विषाच्या बाबतीत भाऊभाऊच समजा. शिंगीच्या कल्ल्यामागच्या दोन्ही परांत एकेक कडक काटा असतो. काट्याला लागून विषाची ग्रंथी. मासा घाबरला की ते दोन्ही काटे ताठ उभे करून अडकवून ठेवतो. आपण मुठीत धरायला गेलो की काटा हातात जातो, वरची कातडी फाटते आणि विष जखमेत उतरतं. मांगूर, टेंगडा, ज्याला आपले तेलुगू भाऊ जेल्ला म्हणतात, आणि मोठा शिंगाळा, सगळ्यांचे काटे त्याच घराण्यातले. कोणाचं विष जास्त, कोणाचं कमी. शिंगीचं सगळ्यांत वाईट, हे तुम्हाला मी सांगायला नको. मेलेल्या शिंगीचा काटाही लागतो, जशी मेलेली जेलीफिश लागते. टोपल्यात हात घालताना हे विसरू नका.

या दोन डंखांत एक मोठा फरक आहे. जेलीफिशची सुई इतकी बारीक असते की जखम दिसत नाही, फक्त चाबूक मारल्यासारखे वळ उठतात. शिंगीचा काटा मात्र खोल भोक पाडतो, आणि त्या भोकात गढूळ पाणी, चिखल, माशाचा चिकटा सगळं जातं. म्हणून शिंगीच्या बाबतीत दोन दुखणी असतात. पहिलं विषाचं, जे काही तासांत ओसरतं. दुसरं जखम पिकण्याचं, जे दोन-तीन दिवसांनी सुरू होतं. आपले लोक पहिल्या दुखण्यालाच घाबरतात आणि ते ओसरलं की निश्चिंत होतात. खरा धोका दुसऱ्यात आहे. बोट सुजतं, लाल रेघ मनगटाकडं चढते, ताप येतो, तरी माणूस जाळं ओढतच असतो. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांच्या बाबतीत तर बोट जाण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

उपचार इथंही गरम पाण्यानंच सुरू होतो. माशाच्या काट्याचं विष उष्णतेनं कमजोर पडतं. आपल्यातले काही जुने लोक डंखलेला हात शेकायचे, त्यात तथ्य होतं. पण शेकताना निखाऱ्याजवळ हात धरून कातडी भाजून घेणं वेगळं आणि गरम पाण्यात बुडवणं वेगळं. हळद, चुना, तंबाखू, बिडीची राख, पेट्रोल जखमेत भरायचं मात्र पूर्ण बंद करा. त्यानं विष उतरत नाही, फक्त घाण आत कोंडली जाते. दोरीनं दंड आवळून बांधायचा नाही. ब्लेडनं कापायचं नाही, तोंडानं ओढायचं नाही.

पुढचा क्रम लिहून नावेत चिकटवून ठेवा.

१. काठावर या. डंखलेल्या हातानं पुन्हा जाळं धरू नका. बोटात अंगठी किंवा कडं असेल तर सूज यायच्या आधी काढा.

२. काट्याचा तुकडा वर दिसत असेल आणि सहज निघत असेल तर स्वच्छ चिमट्यानं काढा. खोल असेल तर खोदू नका, डॉक्टर काढील. छातीत, पोटात किंवा गळ्यात काटा घुसला असेल तर तो उपटायचाच नाही, तसंच दवाखान्यात न्यायचं.

३. जखम स्वच्छ पाण्यानं आणि साबणानं धुवा.

४. हात किंवा पाय गरम पाण्यात बुडवा. पाणी किती गरम? चांगल्या हाताला सोसवेल तेवढंच, साधारण ४५ अंश. तपासायचं ते चांगल्या हातानं, आणि जमल्यास दुसऱ्या माणसानं. डंखलेला हात बधिर झालेला असतो, त्याला चटका कळत नाही आणि फोड येतात. शिंगीसाठी अर्धा तास ते दीड तास, दुखणं कमी होईपर्यंत. पाणी निवलं की बदला. लहान पोरांच्या बाबतीत आणखी जपून.

५. जखम घट्ट बांधू नका. सैल, स्वच्छ कापड ठेवा.

६. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या आणि काटा आत राहिला का ते बघून घ्या. मेडिकलवाल्यानं दिलेल्या दोन गोळ्यांवर भागवू नका.

७. ओठ किंवा चेहरा सुजला, अंगावर गांधी उठल्या, धाप लागली, छातीत दुखलं, चक्कर आली, उलट्या सुरू झाल्या, तर गरम पाण्यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा. आदिलाबाद गावाजवळ असाल तर रिम्स, नदीपलीकडं असाल तर तिकडचं जवळचं सरकारी रुग्णालय. सीमा बघू नका, अंतर बघा.

आता एक गोष्ट या सगळ्यांपेक्षा महत्त्वाची. रात्री जाळं काढताना हाताला काहीतरी लागलं आणि मासा डोळ्यांनी दिसला नाही, तर ते शिंगीच आहे असं गृहीत धरू नका. जाळ्यात साप अडकतात. पाणदिवड असेल तर विष नाही, पण काठावर नाग, मण्यार, घोणसही असतात, आणि मण्यारचं चावणं दुखतसुद्धा नाही. सापावर गरम पाणी, शेक, काही चालत नाही. हात-पाय कमीत कमी हलवायचा आणि सरळ मोठ्या सरकारी दवाखान्यात जायचं, सापाच्या विषावरचं औषध तिथंच मिळतं. शंका असली की साप समजूनच चालायचं. शिंगी निघाली तर एक फेरी वाया गेली एवढंच.

इथपर्यंत माहिती झाली. आता माझं मत सांगतो.

आपल्यात एक बोलायची पद्धत आहे. "डंख खाल्ल्याशिवाय मच्छीमार होत नाही." पोरगं पहिल्यांदा शिंगी धरायला जातं, ओरडतं, आणि सगळे हसतात. हसायला माझी हरकत नाही. पण त्याच बोलण्याच्या आडोशाला आपण चार गोष्टी लपवतो. डंखानं बुडालेल्या रोजाचा हिशोब कोणी ठेवत नाही. मजुराचा हात पिकला तर दवाखान्याचा खर्च त्याच्याच खिशातून जातो. बाजारात मासे कापून देणाऱ्या बायकांना दिवसातून किती वेळा काटा लागतो हे कोणी विचारत नाही, कारण त्या नावेवर नसतात. आणि सरकारी कागदावर तर आपल्या जिल्ह्यात डंख नावाची दुखापतच नाही, कारण आपण ती कधी सांगितलीच नाही.

न सांगितल्यानं काय होतं आणि सांगितल्यानं काय होतं, याचं उदाहरण मराठी मुलखातलंच आहे. जालना जिल्ह्यात जन्मलेले डॉक्टर हिंमतराव बावस्कर १९७६ साली रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला लागले. कोकणात लाल विंचवाच्या दंशानं माणसं मरायची. दवाखान्यात आणलेल्या गंभीर रुग्णांतसुद्धा मरणाचं प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास होतं. लोक मांत्रिकाकडं जायचे आणि विंचू चावणं नशिबावर सोडायचे. या डॉक्टरांनी रुग्णाजवळ बसून नोंदी ठेवल्या, काय होतं, किती वेळानं होतं, रक्तदाब किती, नाडी किती. त्या नोंदींतून प्राझोसिन नावाचं रक्तदाबाचं साधं औषध यावर चालतं हे त्यांनी दाखवून दिलं. मरणाचं प्रमाण एक टक्क्यापर्यंत खाली आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मोठं शहर नव्हतं, मोठं यंत्र नव्हतं. "विंचू चावतोच" असं म्हणून त्यांनी सोडलं नाही, एवढंच.

शिंगीचा डंख लाल विंचवाएवढा जीवघेणा नाही, ते मलाही मान्य आहे. पण नोंद ठेवायला मरणाची वाट बघायची का?

काही नाव-मालक म्हणतील, सचिवाला काय जातं लिहायला, खर्च आम्हाला. तर खर्चाचाही हिशोब करू. प्रत्येक नावेवर किंवा काठावरच्या शेडमध्ये लागणार काय? एक चांगला थर्मास, एक लहान बादली, साबण, एक चिमटा, एक पक्कड, जाड रबरी हातमोज्यांची जोडी, स्वच्छ कापड. ज्यांची पुट्टी किंवा थर्माकोलचा तराफा आहे त्यांनी थर्मास पाण्यात न्यायची गरज नाही, काठावर ठेवा. हे सगळं मिळून एका जाळ्याच्या किमतीच्या जवळपासही जात नाही. आणि लक्षात ठेवा, थर्मासमधलं पाणी उकळतं असतं. थंड पाणी मिसळल्याशिवाय त्यात हात घालायचा नाही.

डंख टाळणं तर याहून स्वस्त. शिंगी मुठीनं धरायची नाही, लहान हातजाळीनं किंवा जाड ओल्या पोत्यानं धरायची. शिंगी आणि मांगूर वेगळ्या डब्यात, झाकण लावून. जिवंत मासा दुसऱ्याच्या अंगावर फेकायची मस्करी बंद. विकायला नेण्याआधी पकडीनं काट्याची टोकं तोडली तर बाजारात बसणाऱ्या बायकांचे आणि गिऱ्हाइकांचे हातही वाचतील. टोपलं चाचपताना आत काय आहे ते आधी बघायचं. अंधारात जाळं सोडवताना डोक्याला बॅटरी लावायची. गढूळ पाण्यात पाय टाकताना चप्पल नाही, बूट.

दुसरं, विम्याचं. केंद्राच्या मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमारांसाठी सामूहिक अपघात विमा आहे. अपघाती मरण किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख, कायमचं अर्धवट अपंगत्व आलं तर अडीच लाख, आणि अपघातानं दवाखान्यात भरती व्हावं लागलं तर २५ हजारांपर्यंत. हप्ता सरकार भरतं, मच्छीमाराला भरावा लागत नाही. आता उद्या कोणाचं बोट शिंगीच्या काट्यानं गेलं, तर दावा मंजूर करायचा की नाही ते विमा कंपनी ठरवील. पण पहिल्या दिवशीचा दवाखान्याचा कागदच नसेल तर आपण मागणार कशाच्या जोरावर? चिठ्ठीवर "हाताला जखम" एवढंच लिहून घेऊ नका. "मासेमारी करताना माशाचा काटा लागला" असं लिहून मागा. मागायला लाजू नका, तो तुमचा हक्क आहे. ज्यांचं नाव विम्याच्या यादीत आहे की नाही ते माहीत नाही, त्यांनी आधार कार्ड घेऊन संस्थेत यावं, यादी बघून सांगतो.

तिसरं, संस्थेचं. माझा प्रस्ताव असा आहे, पुढच्या बैठकीत मांडणार आहे, तुम्ही आधीच विचार करून या.

संस्थेत डंखाचं एक रजिस्टर ठेवायचं. तारीख, जागा, कोणता मासा, हात की पाय, काय उपचार केला, किती दिवस काम बुडालं. नावेवरच्या मजुरांची नोंद आणि मासे कापणाऱ्या बायकांचीही नोंद. लिहिता येत नसेल त्यांनी फोन करून सांगावं, मी लिहीन. एक वर्ष हे चाललं की आपल्या हातात आकडा असेल. मग जिल्हा मत्स्य अधिकाऱ्यांकडं जाऊन आपण म्हणू शकतो की धरणात मासळीचं बी सोडता तशी हातमोज्यांची आणि प्रथमोपचाराच्या पेटीचीही सोय करा. आरोग्य खात्याला म्हणू शकतो की धरणाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात धनुर्वाताचं इंजेक्शन कायम असू द्या. आकड्याशिवाय गेलो तर चहा पाजून परत पाठवतील.

आणि मजुराचा डंखाच्या दिवसाचा रोज कापायचा नाही, हे नाव-मालकांनी आपापसांत ठरवावं. याची सक्ती संस्था करू शकत नाही. पण जो माणूस तुमच्या जाळ्यातला मासा काढताना जखमी झाला, त्याला रिकाम्या हातानं घरी पाठवणं बरोबर आहे का, एवढं प्रत्येक मालकानं स्वतःला विचारावं.

शेवटी ग्रुपवरच्या मेसेजबद्दल. जेलीफिशचा व्हिडिओ आला तर जरूर बघा, पण खाली लिंबू-रॉकेल-लघवीचे उपाय पुढं ढकलू नका. आपल्यातला कोणी उद्या चौपाटीवर असेल, त्याला तेच आठवेल आणि तो तेच करील. त्यापेक्षा दोनच गोष्टी पाठवा. एक, घासू नका, गरम पाणी वापरा. दोन, श्वासाला त्रास झाला तर थांबू नका, दवाखान्यात न्या. समुद्रालाही हेच लागू आहे आणि आपल्या सातनाल्यालाही.

बैठकीची तारीख या पेजवरच कळवतो. बायकांनीही यावं, त्यांच्याशिवाय हे रजिस्टर अर्धंच राहील. या महिन्यात ज्यांना शिंगी, मांगूर किंवा टेंगडा लागला असेल त्यांनी खाली लिहा किंवा संस्थेत येऊन सांगा. रजिस्टरची पहिली ओळ आजच भरू.

आपला,
सचिव